घागर खाली ठेवायची नाही

…नको, नको, हात लावू नकोस गं — ओलेत्यानं आहे मी, सोवळ्यात. तुझ्या त्या पळायच्या बुटांसकट दोन हात पलीकडनं चाल, बोलायला हरकत नाही. म्हणजे हरकत आहे खरं तर, तोंडानं नाम घेत यायचं असतं, पण देव काय, वर्षभर माझंच ऐकतोय, आज तू ऐक. काल कोजागिरीच्या दुधाला आलीस आणि पेला तसाच ठेवून उठलीस ना मृणालिनी, तेव्हापासून माझ्या घशाखाली काही उतरलं नाही — नाही, म्हणजे जेवले, दूधही प्यायले, तुझ्या वाट्याचंही मीच प्यायले, केशर घातलेलं दूध काय ओतून देणार — पण उतरलं नाही. ह्या गंगेच्या घाटाच्या एवढ्या सीढ्या आहेत बघ, माझ्या मोजणीनं शहाऐंशी. आत्ता आपण अकराव्या पायरीवर. शेवटच्या पायरीपर्यंत बोलता येतं, तिच्यावर पाय ठेवला की घराच्या उंबऱ्यापर्यंत मौन, असा आमच्या घराचा नेम आहे. तेव्हा जे काय सांगायचं ते ह्या सीढ्यांवरच सांगते. तू हळू चाल म्हणजे झालं. माझ्या कमरेवर भरलेली घागर आहे, तेरा किलोची.

तर हो, तो कडीचा लोखंडी गोळा, व्यायामाचा, तो तुझाच. सासूबाईंनी देवघरात दाखवला तोच. गेले सव्वा महिना तू ज्याच्यासाठी कंपनीला फोन करत होतीस, तोच. आणि तू तीनदा मला विचारलंस, पद्माकाकू, माझं पार्सल आलं का, आणि तीनदा मी नाही म्हणाले — तिसऱ्यांदा तर तुझ्याबरोबर बसून त्या कंपनीला शिव्यासुद्धा घातल्या, तुझ्यापेक्षा जास्त. हे सगळं खरं. आता कसं झालं ते ऐक. आमच्या ह्या बालाजी घाटाच्या गल्लीत घरांचे नंबर ज्यानं घातले तो बहुतेक भांग पिऊन आला होता, त्यामुळे पार्सलवाले सगळं माझ्याकडे आणून टाकतात. मी ज्याचं त्याला देते. देण्याआधी जरा हलवून बघते, ते सोड, तेवढा माझा हक्क आहे. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी तो भैया आला, घामाघूम, आणि म्हणतो, चाची, का हौ एम्मे, गदा? म्हणजे ह्यात काय गदा आहे का? मी हलवून बघायला गेले तर खोका जागचा हलेना. आता तूच सांग, बँकेत काम करणारी एकटी पोरगी, सातारकडची, भाड्यानं राहते, आणि तिच्या नावानं एवढ्या वजनाचं लोखंड येतं — मनात काय येईल? मला वाटलं, बघायला पाहिजे. तुझ्याच भल्यासाठी. सुरीनं कडेकडेनं कापला, परत चिकटवता येईल असा.

थांबू जरा. थांबलं तर चालतं. ठेवलं तर नाही.

आत बघते तर तुझा गोळा. मी लगेच ओळखला. कसा ओळखला म्हणजे — आता हेही सांगूनच टाकते — तुझी खिडकी नि माझ्या स्वैपाकघराची खिडकी, मध्ये दोन हातांची गल्ली. जेठातल्या उकाड्यात तू खिडकी उघडी टाकून व्यायाम करायला लागलीस, तो लहान आठ किलोचा गोळा घेऊन, आणि मोबाइल खिडकीत उभा केलेला, आणि त्यातली ती बाई हिंदीत ओरडतेय, कमर पीछे, एड़ी ज़मीन पर, साँस छोड़िए. मी पहिल्या दिवशी पडदा ओढून घेतला. दुसऱ्या दिवशी पडदा जरा सरकवला. तिसऱ्या दिवसापासून मी कुकर लावून उभीच असायचे. आधी मला वाटलं, ही पोरगी आखाड्यातल्या पोरांसारखं काय करतेय, इथे ते कडीचा दगड उचलतात ना, नाल म्हणतात त्याला, तसलंच हे, फक्त विलायती. मग बघता बघता माझे पाय आपोआप रुंद व्हायला लागले. भाकरी भाजताना कंबर मागे. ह्यांनी एकदा विचारलं, पद्मा, पाठीत उसण भरली का?

ह्यांना ओळखतेस ना, आमचे नरहरपंत, काठीवाले? तेच. त्यांच्याकडे येतेच मी.

तेवीस. चोवीस. — सांभाळून, इथे शेवाळ आहे, तुझे बूट कितीही महागाचे असले तरी.

सुरुवातीला माझ्याकडे गोळा कुठला? पिठाचा डबा घेतला, कडीचा. दोन्ही हातांनी धरला, तुझ्यासारखा पायांच्या मधून मागे नेला, पुढे झोका दिला — कडी माझ्या हातात राहिली आणि डबा न्हाणीघरात गेला. पाच किलो गव्हाचं पीठ. सासूबाईंना दिसत नाही, त्या म्हणाल्या, पाऊस आला का गं? मी म्हटलं, हो, आला. म्हणून म्हणते, तुझं पार्सल माझ्या दारात आलं तेव्हा मला चोरीबिरीचा विचारच आला नाही. मला वाटलं, कुणीतरी ऐकलं. एक दिवस वापरून देईन म्हटलं. मग म्हटलं, रविवारी देते. मग पितृपक्ष लागला, त्यात वस्तू इकडची तिकडे करू नये — असं काही नाहीये, मला माहितीये, पण तेव्हा मला ते फार पटलं.

आणि शिकायला सोपं वाटतं ते, लांबून. मी तीस वर्षं बादल्या उचलतेय, मला काय कुणी उचलायला शिकवायचं, असं म्हणून वाकले आणि उचलला. पाठीतून जी कळ गेली, दोन दिवस मी कंसासारखी वाकडी. मग परत खिडकीत उभी राहिले आणि नीट ऐकलं, त्या मोबाइलवालीचं. मग कळलं की आपण बायका जन्मभर चुकीचं उचलतो. पाठीनं उचलतो. उचलायचं असतं ते — आता तू हस, पण तीच म्हणते — कुल्ल्यांनी. मागे दार आहे आणि हातात ताटं आहेत म्हणून ते ढुंगणानं लोटायचं आहे, असं कंबर मागे न्यायची, पाठ फळीसारखी, गुडघे थोडेच, आणि मग उभं राहताना सगळं आवळून घ्यायचं. हात नुसते दोर. हातांनी ओढलास की खांदा गेला. मला हे कळायला आठ दिवस लागले, आणि कळलं त्या दिवशी गोळा आपणहून छातीपर्यंत आला, फुलासारखा, मी त्याला आणलंच नाही. मी एकटीच न्हाणीघरात हसत बसले. चोपन्न वर्षांची बाई, गुडघ्यापर्यंत साडी खोचून. लग्नानंतर पहिल्यांदा मला वाटलं की हे शरीर माझं आहे, भाड्यानं दिलेलं नाही.

काय? विचारलं का नाहीत? हेच म्हणतेस ना?

तेच तर. पार्सल आलं का विचारणं तुला सोपं होतं. मी कुणाला विचारायचं, आणि काय म्हणून, की बाई, मला ताकद शिकव? लोणचं शिकवा म्हणता येतं. मोबाइल शिकवा म्हणता येतं. तू शिकवलंही असतंस, मला माहितीये, तू चांगली आहेस. शनिवारी तुझ्या आईचा फोन येतो, तो सातारचा मुलगा बघून घे म्हणतात, आणि फोन ठेवल्यावर तू त्या गोळ्याला दहाबारा झोके जास्त देतेस, दात आवळून. ते मला दिसतं. मीही इकडे दहाबारा जास्त देते मग. तुझ्या बाजूनं.

एक्केचाळीस. कमरेची बाजू बदलते हं. बघ, हे कसं करायचं — अशी ह्या हातातून त्या हातात, घागर अंगालगत ठेवून. हे तुझं नाही, हे माझ्या आईचं.

आता नरहरपंतांचं. ह्या घागरीचं. तू नवीन आहेस म्हणून पहिल्यापासून सांगते. आमच्या घरात लक्ष्मीनारायण आहे, हातभर उंचीचा, काळा, पुण्याकडून आलेल्या पूर्वजांबरोबर आलेला. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवसापासून महिनाभर त्याला रोज गंगेच्या पाण्याचा अभिषेक. पाणी घरच्याच माणसानं आणायचं, ओलेत्यानं, ह्याच घागरीतून — वर्षभर ही पालथी असते, कार्तिकाशिवाय तिला हलवत नाहीत — आणि घाटापासून उंबऱ्यापर्यंत ती जमिनीला लागता कामा नये. आणि भाऊबंदांत ठरलंय पिढ्यान्‌पिढ्या, की पहिल्या दिवसाचं पाणी ज्याच्या हातून उंबरा ओलांडेल, देव वर्षभर त्याच्या घरी. ह्यांच्या आजोबांपासून तो आमच्याच घरी आहे, कारण दुसरं कुणी उचलायलाच तयार नव्हतं. ह्यांनी तेहतीस वर्षं आणलं. गेल्या कार्तिकात विसाव्या दिवशी, ह्याच सीढ्यांवर, ती वर छत्री दिसतेय ना पंड्याची, तिच्या खाली, गुडघा मोडून पडले. घागर पडली, घरंगळत पाण्यापर्यंत गेली, ठणठण, ठणठण. मी मागेच होते.

एक सांगते, हे मी कुणाला सांगितलं नाही. ते पडले तेव्हा मी आधी घागरीकडे बघितलं. नवऱ्याकडे नाही. घागरीकडे. किती? एक क्षणभर. पण त्यांनी वर मान केली ती नेमकी तेव्हाच.

…थांब जरा. नाही, दम नाही लागला. नुसतं थांब.

मग मी उचलायला गेले तर उचलेनात. बगलेत हात घातले, ओढलं, वाकडीतिकडी झाले, नाव चालवणारे सगळे बघतायत, आणि हे म्हणतायत, राहू दे पद्मा, राहू दे. तेवढ्यात ढुंढिराज आला. ह्यांचा चुलतभाऊ. मुन्शी घाटावर त्याचं ते गेस्ट हाउस आहे, गच्चीवर पिझ्झा मिळतो ते. आला आणि एका हातानं ह्यांना उभं केलं, धोब्यानं गाठोडं उचलावं तसं, आणि त्याच दमात म्हणाला, वहिनी, आता ह्या वयात कशाला, पुढच्या वर्षापासून देव माझ्याकडे येऊ दे, मी सगळी व्यवस्था करतो. व्यवस्था म्हणजे काय माहितीये? खाली बैठकीत काचेच्या कपाटात ठेवणार, वर दिवा, येणाऱ्या पाहुण्यांनी फोटो काढायचे. मला काय, मी काही एवढी देवभोळी नाही, देवाला काचेत आवडेलही, थंड हवा असते तिथे. पण सासूबाई. नव्वदीच्या आहेत, दोन्ही डोळे गेलेत, दिवसभर त्याच्यासमोर बसून त्याच्याशी बोलतात. काय बोलतात? माझ्याबद्दल तक्रारी, दुसरं काय. आज भात चिकट झाला, आज हिनं मला उशिरा आंघोळ घातली. तो देव गेला तर त्या कुणाला सांगणार? मला? माझ्याच तक्रारी मला?

आणि आमची वीणा इंदूरला, नोकरीला, तिला सुट्टी नाही. ह्यांचा गुडघा गेला. उरलं कोण घरात? मी म्हटलं, भावजी, पाणी मी आणीन. तो हसला. वाईट हसला नाही, त्यातच तर सगळं आलं. म्हणाला, आणा की वहिनी, पहिल्या दिवशी मीही घाटावर येतो, तुम्ही दमलात तर मी आहेच. आणि हळूच म्हणाला, मध्येच ठेवलीत तर मग दुसरी खेप नाही हं.

अठ्ठावन्न. ते बघ, आलाच आहे. वर, धुतलेल्या धोतरात. उपरण्याला अत्तर लावलं असणार.

तर असा तुझा गोळा. तो बारा किलोचा, आणि ह्या घागरीच्याच मापाची दुसरी भरून भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली तर तेरा. मला वाटलं, देवानंच मोजून पाठवला, एक किलो माझ्यावर सोडून. झोक्यांनंतर तू तो एका हातात लटकवून खोलीत फेऱ्या मारतेस ना, त्या बाजूला न झुकता, ते मी जास्त केलं. स्वैपाकघर ते देवघर, देवघर ते स्वैपाकघर. त्यातच घोटाळा झाला. खंडेनवमीच्या दिवशी आपल्याकडे घरातली हत्यारं पूजतात, विळी, कात्री, अडकित्ता, तर मी सगळं पाटावर मांडत होते, आणि गोळा तिथेच राहिला होता, भिंतीशी. सासूबाईंनी चाचपडत हात फिरवला.  मग म्हणाल्या, हा मामंजींचा. तोफेचा. मी लग्न होऊन आले तेव्हा माळ्यावर होता, तू कुठून काढलास? आता मी काय सांगू, की सासूबाई, हा चीनमधून आलाय, समोरच्या पोरीचा आहे आणि मी ढापलाय? त्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. फूल वाहिलं. त्या कडीला दोरा बांधला. त्या दिवशी पूजलेलं हत्यार वापरत नाहीत, म्हणून माझा एक दिवस बुडाला, तेवढाच. आणि मग येईल त्याला त्या दाखवायला लागल्या, पेशवाईतला गोळा. काल तुलाही दाखवला. तू वाकून बघितलंस, बुडाशी तो बाराचा आकडा, कंपनीचं नाव, आणि माझ्याकडे बघितलंस. सासूबाईंसमोर एक शब्द बोलली नाहीस. पेला ठेवलास नि गेलीस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं गं.

सगळं शिकवलं, पण एक गोष्ट तुझ्या मोबाइलवालीनं नाही सांगितली. हे हाताला पडलेले घट्टे आहेत ना, ते ह्यांनी बघितले. रात्री नाही, दिवसाढवळ्या, मी पाणी देत होते तेव्हा. माझा हात उलटा केला, बोट फिरवलं. आणि दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात स्टुलावरून उठताना त्यांनी माझ्याकडे आपणहून हात केला. वर्षभर करत नव्हते, भिंत धरून धडपडायचे. मी कंबर मागे नेली, टाचा रोवल्या, नि उभे केले त्यांना. एका झटक्यात. म्हणतात कसे, हे कुठे शिकलीस? म्हटलं, खिडकीत. आता रोज उचलते. घागर राहू दे, देव राहू दे — हे मी — हे मला घागरीआधी जमायला हवं होतं ना.

सत्तर.

एक्काहत्तर. — अगं. अगं, सटकतेय. ओली झालीय काठाशी, बोटं — नको, तू नको धरूस, तू धरलीस की संपलं, तो बघतोय. बाजूला हो. काय? काय म्हणतेस? … टाचा. हो. टाचा. … गुडघे थोडे. … हो, पाठीनं नाही, कळलं. … सोडला श्वास. … परत म्हण. … तुझा आवाज त्या बाईपेक्षा बरा आहे, ती उगाच ओरडते. … आली. आली जागेवर. थोडं सांडलं, सांडलेलं चालतं. घागर नुसती भिजली, टेकली नाही, तू बघितलंस ना? तू साक्षीदार. बँकवाल्यांची साक्ष कुणी खोटी म्हणत नाही.

पंचाहत्तर. मोजत राहा तू, मला आता मोजणं जमायचं नाही.

गोळा घेऊन जा तुझा. दोरा काढ, कुंकू पुसून घे, ते थोडं खाली खरवडलंय तेवढं माफ कर, न्हाणीघराच्या दारावर आपटला होता दुसऱ्या आठवड्यात. सासूबाईंना मी सांगेन काहीतरी. तोफ आली होती, गोळा घेऊन गेली, असं सांगेन. … काय? महिनाभर राहू दे? अजून एकोणतीस दिवस आहेत म्हणतेस? … आणि खिडकीतून बघू नका, इकडे या? सकाळी? … मी येईन तर खरी, पण मी बोलते फार. हां, ते तुला कळलं असेल आत्तापर्यंत.

ब्याऐंशी.

बघ, हात पुढे करून उभा आहे. म्हणतोय, द्या वहिनी, थकलात, उंबऱ्यापर्यंत मी नेतो. किती प्रेमानं म्हणतोय बघ. गेल्या वर्षी ह्यांना उचललंन ना, त्याच हातांनी मागतोय. त्याला ठाऊक आहे, एकदा ह्या शेवटच्या पायरीवर पाय ठेवला की मला तोंड उघडता येत नाही, नाही सुद्धा म्हणता येत नाही, आणि त्यानं घागरीला हात घातला तर मी काय करणार, दोन्ही हात गुंतलेले.

चौऱ्याऐंशी. ऐक मृणालिनी, एवढा वेळ मीच बोलले. अगदी पाण्यापासून. आता इथून पुढे तुझं काम. तुझ्यावर सोवळं नाही, मौन नाही, भाऊबंदकी नाही. पुढे हो, माझ्या नि त्याच्या मध्ये उभी राहा, आणि बँकेत जेवायच्या सुट्टीत खिडकीशी आलेल्या माणसाला सांगतेस ना, तसं त्याला सांग, अगदी तस्संच, की काका, बाजूला व्हा.

पंच्याऐंशी. जा, बोल